मुक्या जिवाचें म्हातारपण

आमच्या घरीं चवदा वर्षांची एक मांजरी आहे. तिचें नांव मनी. आमच्या शहराचें नांव 2024 सालीं अहिल्यानगर झालें, परंतु जुन्या रहिवाशांच्या जिभेवर अद्याप 'नगर'च येतें. मनीच्या वार्धक्याचेंहि तसेंच झालें. तें केव्हांच येऊन बसलें होतें, आमच्या ध्यानीं मात्र आलें नव्हतें.

गेल्या वैशाखांत ती वाटी-वाटी पाणी पिऊं लागली. नगरचा उन्हाळा कोरडा, माणसेंहि माठ रिते करतात. तेव्हां आम्हीं तें ऋतूवर घातलें, आणि 'म्हातारी पाणी भरपूर पिते, प्रकृति उत्तम आहे' असें पाहुण्यांना कौतुकानें सांगितलें. मृग बरसून हवा गार झाली तरी वाटी रिकामीच. अंग चाटणें कमी झालें, पाठीचे मणके हातास लागूं लागले, एका झेपेंत कपाट गांठणारी ती खुर्चीपाशीं येऊन थबकूं लागली. पशुवैद्यांनीं रक्त तपासून सांगितलें कीं मूत्रपिंडें झिजलीं आहेत. या विकारांत त्यांची सुमारें दोन-तृतीयांश शक्ति जाईपर्यंत बहुधा कांहींच दिसत नाहीं. पुढें मूत्र दाट करण्याचें सामर्थ्य उरत नाहीं, पाणी निघून जातें व तहान वाढते. शिवाय मांजराची जात दुखणें लपविणारी. आम्ही ज्याचें कौतुक करीत होतों तें दुखणेंच होतें!

अज्ञानानें अपराध हलका होतो, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. घरीं तें समाधान पुरेना. जो जीव बोलूं शकत नाहीं त्याला दाराआड घेतलें, तेव्हांच त्याच्या वतीनें पाहण्याचें काम आपण पत्करलें कीं नाहीं? येथल्या किल्ल्यांत 1942 ते 1945 या काळांत बंदिवान असलेल्या मौलाना आझादांनीं 'गुबारे खातिर'मध्यें खोलींतल्या चिमण्यांविषयीं सविस्तर लिहिलें आहे. आधीं त्यांना हुसकावण्याची धडपड, मग हळूहळू जुळलेली मैत्री. तुरुंगांत सवड असते, असें कोणी म्हणेल. सवड आम्हांसहि होती. नजर वर्तमानपत्रांत होती, इतकेंच.

आतां सेवा चालू आहे. कातडीखालीं सलाईन, निराळें अन्न, आणि रात्रीं ओली झालेली गादी उन्हांत टाकणें. आमच्याच जिल्ह्यांतील नेवाशास शके 1212 मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या अखेरच्या मागण्यांत प्राणिमात्रांच्या परस्पर मैत्रीचें मागणें आहे. ती ओवी आम्हीं किती सभांतून म्हटली! सर्व भूतांशीं मैत्री करणें तितकेंसें अवघड नाहीं. एका विवक्षित भूतानें तिसऱ्यांदा गादी भिजविली म्हणजे कठीण जातें.

एका स्नेह्यांनीं सुचविलें, 'सुईनें सोडवा तिला.' त्यांनीं 1928 सालचा साबरमतीचा दाखलाहि दिला. तेथें असाध्य रोगानें तळमळणाऱ्या वासरास गांधीजींनीं विष टोचवून मुक्त केलें होतें, आणि त्याबद्दल संतप्त पत्रांचा वर्षाव सोसला होता. आम्हांस तें कृत्य अधर्म्य वाटत नाहीं. परंतु त्या वासराला एका कुशीवरून दुसरीवर वळतां येत नव्हतें. मनी अजून सकाळीं ओसरीवरचें ऊन शोधीत जाते, मासळीचा वास येतांच मान उचलते. मग आम्हीं स्नेह्यांस लगेच नकार कां दिला नाहीं? खरें सांगायचें तर त्या रात्रीं तिच्या वेदनेपेक्षां आमचें जागरणच आम्हांस अधिक असह्य झालें होतें, आणि करुणेचा शब्द फार सोयीचा वाटला होता. तसा दिवस उद्यां येईलहि. तो आला हें तिच्याकडे पाहून ठरवावयाचें कीं आपल्या थकव्याकडे, हें आम्ही रोज स्वतःस विचारतों. उत्तर रोज एकच येतें असें नाहीं.

तूर्त स्वयंपाकघरांतला वजनकाटा तिच्या नांवें झाला आहे. एके काळीं ती चार किलो भरे. आज सकाळीं 2 किलो 800 ग्रॅम भरली, काट्यावरून आपणच उतरली, आणि वाटीकडे गेली.