पोलिसांना प्रश्न कोण विचारणार?

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या वडप्याच्या आसपास गोडाऊनच गोडाऊन. माथाडी, ड्रायव्हर, वॉचमन रात्रभर जागे. रात्री-अपरात्री पोलिसांशी गाठ पडते ती यांची, पण यांतल्या कितीतरी जणांचं मत दुसऱ्याच गावात. गावातली भांडणं गावातच मिटवणारी तंटामुक्त समिती निवडते ग्रामसभा, आणि ग्रामसभा म्हणजे मतदारयादी. म्हणजे समितीत यांना जागाच नाही.

हे विशेष खटकतं, कारण पोलीस आणि लोकांनी एकत्र बसण्याबाबतचा महाराष्ट्राचा मोठा धडा शेजारच्या भिवंडी शहरानेच दिला आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी हे शहर पोळलं. 1970 च्या दंगलीच्या चौकशीत न्यायमूर्ती मादन यांनी पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवलं होतं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दंगल पेटल्यावर बोलावायच्या शांतता समितीसारख्या त्या नव्हत्या. हिंदू-मुसलमान शेजारी एरवीही पोलिसांसोबत बसत. नळाची, गटाराची भांडणंसुद्धा तिथे निघत. शिपायाला वस्ती कळू लागली, वस्तीला शिपाई. 1992-93 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. याचं मोल मला फार वाटतं.

तरी एक उणीव राहिलीच. बैठक बोलावणारे पोलीस आणि तिची जबाबदारीही पोलिसांचीच. कायद्याचा आधार नसल्याने सगळं येणाऱ्या साहेबाच्या मनावर. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद चिघळला. गोळीबारात दोन माणसं गेली आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. ठाणं कुठे असावं, हा प्रश्न लोकांसमोर बसून सोडवायचा नाही, तर कुठला सोडवायचा?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापन करायला सांगितली. महाराष्ट्राने 2014 मध्ये त्यासाठी कायदा बदलला. पण हे प्राधिकरण राज्य आणि विभाग पातळीवरचं. रात्री नाक्यावर अडवलेल्या ड्रायव्हरला ते कसं गाठता येणार?

म्हणून मागणी गावातूनच व्हायला हवी. किती तक्रारी आल्या, किती नोंदल्या, कुठल्या परत पाठवल्या, हे पोलीस अधिकाऱ्याने ठरावीक मुदतीने ग्रामसभेत येऊन सांगावं, आणि तसं कायद्यात लिहिलेलं असावं. त्या सभेत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माथाड्यालाही उभं राहून विचारता यावं, मग त्याचं मत कुठल्याही गावात असो.