शाहीर कुणाचा?

वाटेगाव, तालुका वाळवा. १ ऑगस्ट १९२० ला अण्णाभाऊ साठे जन्मले तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. जिल्ह्याची हद्द सरकारनं हलवली. मांगवाडा नि बौद्धवाडा यांच्यातली हद्द मात्र आपणच राखली.

१९४४ साली अण्णाभाऊंनी अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली. मग हा शाहीर कुणाचा?

काही म्हणतात, तो कम्युनिस्ट, आपला नव्हे. पोटात असते जात, ओठावर येतो पक्ष. दुसरे त्यांचा लाल रंग खरवडून निळा फासतात. पहिली अस्पृश्यता, दुसरी चोरी. माणूस होता तसा घ्यायचा नसेल तर जयंती कशाला?

गाणं तर हद्द मानत नाही. जमैकाची काळी माणसं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गेली, त्यांच्या दणक्यातून १९७३ च्या सुमाराला तिथं रॅप उभा राहू लागला. पुढं त्यात रेगेही मिसळला. ठेका समुद्र ओलांडतो, नि आपल्या डफाला मधली गटार ओलांडवत नाही?

मित्रांनो, मतभेद ठेवा, उघड भांडा. ऋण मानायला सहमती लागत नाही. १ ऑगस्टची मिरवणूक बौद्धवाड्यातून निघू द्या, १४ एप्रिलची मांगवाड्यातून. नाहीतर समता हा शब्द आपल्या पत्रकातच राहील.