रंग बदलायचा खर्च

'सरड्यासारखा रंग बदलतो' हे मराठीत कुणाचं कौतुक करताना म्हणत नाहीत. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. रंग बदलणारा लबाड असतो, आणि रंग बदलणं त्याला फुकटात जमतं. ही गृहीतकं तपासायची तर सरडा सोडून समुद्रात पाहिलेलं बरं. तिथे लपणं हा अनेकांचा रोजचा उद्योग आहे.

धुळ्याच्या देवपुरात वाढलेल्याने समुद्रावर लिहावं, हे जरा विनोदीच आहे. आमच्याकडे पांझरा. ती तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला, एवढंच आमचं नातं. पण समुद्री जीव पाहायला फार लांब जावं लागत नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना मुंबईच्याच खडकाळ किनाऱ्यांवर घेऊन जातो. ज्या खडकांवरून लोक सेल्फी काढतात, त्यांच्या कपारीत ऑक्टोपस बसलेला असू शकतो. तो दिसत नाही, कारण न दिसणं हेच त्याचं काम आहे. अंगावर शिंपला नाही, काटे नाहीत, हाडं नाहीत. मऊ मांसाचा एक गोळा. लपला नाही तर कुणाच्या तरी पोटात जाणार.

तो हे करतो कसं? त्याच्या त्वचेत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती स्नायू असतात. मेंदूकडून संदेश आला की स्नायू पिशवीला चहूबाजूंनी ताणतात आणि रंग पसरतो. स्नायू सैल पडले की पिशवी आक्रसून ठिपक्याएवढी होते. म्हणजे गडद दिसायचं तर स्नायू ओढून धरायला लागतात. फोनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवल्यावर बॅटरीचं जे होतं, तेच इथे होत असणार. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका जातीच्या ऑक्टोपसच्या त्वचेला किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं. अंगावरच्या सगळ्या पिशव्या पूर्ण उघडायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, जेवढी निवांत बसलेल्या ऑक्टोपसचं बाकी सगळं शरीर चालवायला लागते.

म्हणजे दुसरं गृहीतक गेलं. लपण्याचं बिल येतं, आणि ते लपणारा भरतो.

आता पहिलं. लपणारा लबाड असतो का? १७९७ मध्ये कांट या जर्मन तत्त्वज्ञाने लिहिलं होतं, की खुनी दाराशी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलू नये. हे वाचून बहुतेकांना धक्का बसतो. पण ऑक्टोपसचं प्रकरण त्याहून सोपं आहे. तो कुणाला उत्तर देत नाही, कुणाचा विश्वास मोडत नाही. ज्याला आपल्याला खायचं आहे त्याला आपला पत्ता द्यायला कुणीच बांधील नसतं. स्टोनफिशही दगडासारखा दिसतो, पण तो जवळून जाणारे मासे गिळण्यासाठी तसा पडून असतो. सोंग तेच, हेतू निराळा. म्हणून नुसतं 'याने रंग बदलला' एवढ्यावर निकाल देता येत नाही. कुणापासून आणि कशासाठी, हे विचारावं लागतं.

हे सगळं मला सुचलं ते ऑक्टोपसमुळे नाही, अहिराणीमुळे. २०११ च्या जनगणनेत सोळा लाखांहून जास्त लोकांनी आपली मातृभाषा अहिराणी सांगितली. पुण्याच्या आयटी ऑफिसांत आम्ही खानदेशी मुलं भरपूर आहोत, पण तिथे अहिराणी ऐकू येत नाही. दोघं शेजारी बसून वर्षभर प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत बोलतात. मग एक दिवस जिन्यात एकाच्या तोंडून फोनवर 'काय करी राहिनी व माय?' निघतं आणि दुसऱ्याला कळतं, अरे, हा तर आपल्याकडचा. तोवर दोघंही खडकाच्या रंगाचे होऊन बसलेले असतात.

याला कुणी न्यूनगंड म्हणतं, कुणी ढोंग. मला दोन्ही शब्द अन्यायाचे वाटतात. पहिल्याच आठवड्यात 'पानी' म्हटल्यावर चारजण हसले, की मुलगा शिकतो. पुढे प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधी तपासलं जातं. न की ण? ळ की य? मीटिंगमध्ये मुद्दा मांडायला लागणारी ताकद उच्चार सांभाळण्यात जाते. शेजारी बसलेल्या पुणेकराला हे काम करावंच लागत नाही. दोघांचं अप्रेझल मात्र एकाच फुटपट्टीने होतं.

तरीही ऑक्टोपसचं एक बरं असतं. धोका टळला की तो स्नायू सैल सोडतो. संध्याकाळी आईला फोन लावला की आमचंही तसंच होतं. पण समुद्रात लपण्याची आणखी एक तऱ्हा आहे. कोकणात लेपा म्हणतात तो चपटा मासा पाहा. पिल्लू असताना त्याला इतर माशांसारखा दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. मग तो वाळूवर आडवा पडायला लागतो आणि खालच्या बाजूचा डोळा हळूहळू सरकून वरच्या बाजूला येतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची होते. लपणं आता त्याच्या हाडांतच बसलेलं असतं, ते उतरवून ठेवता येत नाही.

देवपुरातही आता अशी घरं आहेत, जिथे आजी-आजोबा आपसात अहिराणी बोलतात आणि नातवाकडे वळले की प्रमाण मराठी सुरू होते. हेतू चांगलाच असतो, पोराला कुणी हसू नये. पण हा निर्णय पोराने घेतलेला नसतो. माझ्यापाशी दोन रंग आहेत, त्याच्यापाशी एकच राहील. स्वतःला लपवणं आणि दुसऱ्याचा डोळा सरकवणं, यांत मला नैतिक फरक दिसतो. पहिल्यात दोष शोधू नये. दुसरं करण्याआधी मात्र थांबून विचार करावा.

आपण बोलीचा अभिमानही बाळगतो, नाही असं नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. आज ती खानदेशी बोली पाठ्यपुस्तकात आहे, रंगमंचावर आहे. पण ज्या वर्गात बहिणाबाईंची कविता कौतुकाने शिकवली जाते, त्याच वर्गात तसंच बोलणाऱ्या मुलीला 'नीट बोल' असं सांगितलं जातं. कागदावरची बोली आपल्याला गोड लागते. समोरच्या माणसाच्या तोंडची सहन होत नाही.

म्हणून 'अहिराणी बिनधास्त बोला' असला सल्ला मी नव्या पोरांना देणार नाही. उघड्यावर बसलेल्या ऑक्टोपसला धाडसाचे धडे देणं सोपं असतं, खाल्ला जाणार असतो तो. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर खेकड्यांची एक जात आहे. लहान असताना हे खेकडे समुद्रातलं शेवाळ तोडून पाठीवर चिकटवतात, म्हणजे ते दिसत नाहीत. मोठे झाले, कवच टणक झालं, की सजावट सोडून देतात. आता त्यांना गिळणं सोपं नसतं.

आमच्यातलेही काहीजण आता मोठे झालेत. कुणी टीम लीड आहे, कुणी इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. कुणाच्या हसण्याने त्यांची नोकरी जात नाही, तरी शेवाळ पाठीवर तसंच आहे. आधी उतरवायचं तर ते त्यांनी. भर मीटिंगनंतर, सगळ्यांसमोर, नव्या आलेल्या शिरपूरच्या पोराला 'काय भो, कथाईन उना?' एवढं विचारलं तरी चालेल. त्या पोराला त्या दिवशी थोडे स्नायू सैल सोडता येतील.