बाळ नॉर्मल आहे ना?

गरोदरपणाचा तिसरा महिना संपत आला की शहरातल्या गर्भवतींना डॉक्टर डबल मार्कर आणि एनटी स्कॅन करायला सांगतात. दोन-चार दिवसांनी अहवाल येतो. त्यावर ‘१:१८०’ असा एखादा आकडा आणि शेजारी ‘हाय रिस्क’ असे शब्द असले, की घराची झोप उडते. बाळाला डाउन सिंड्रोम असेल का, ही धास्ती जुनीच आहे. मात्र ती कधी वाटावी, तिचं उत्तर कोणी द्यावं आणि दोष कुणाच्या माथी मारावा, हे सगळं गेल्या दीडशे वर्षांत पार बदललं आहे.

१८६६ साली इंग्लंडमधल्या अर्ल्सवुड इथल्या संस्थेचे डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी या मुलांचं पहिलं नेमकं वर्णन केलं. चेहरेपट्टीवरून त्यांनी मुलांना ‘मंगोल’ ठरवलं आणि कारण दिलं ते आईवडिलांच्या क्षयरोगाचं. ते अपमानास्पद नाव घालवायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. मंगोलियाने हरकत घेतल्यावर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडून दिलं. दोष आईवडिलांमध्ये शोधण्याची सवय मात्र त्याहून चिवट निघाली. युरोपात कुणी गुप्तरोगाकडे बोट दाखवलं, कुणी दारूकडे. आपल्याकडे ‘ग्रहण पाळलं नसेल’ हे वाक्य आजही सुनेला ऐकावं लागतं.

या समजुतीला पहिला तडा १९३३ मध्ये गेला. लायोनेल पेनरोज यांनी अनेक कुटुंबांचा अभ्यास करून दाखवलं, की संबंध आहे तो आईच्या वयाशी. वडिलांचं वय किंवा आधीची बाळंतपणं यांचा प्रभाव त्यांना दिसला नाही. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून आणि रेमाँ त्युरपँ यांनी खरं कारण समोर आणलं: एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. बहुतेक वेळा ही जास्तीची प्रत बीजपेशी तयार होतानाच्या विभाजनात, निव्वळ योगायोगाने येते. आईने काय खाल्लं, काय पाहिलं, याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. विशीत ही शक्यता साधारण दीड हजारांत एक असते, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक.

कारण सापडलं, तशी धास्तीही बाळंतपणाच्या खोलीतून उदरात शिरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गर्भजलातल्या पेशींवरून निदान होऊ लागलं. १९९२ मध्ये लंडनच्या किप्रोस निकोलायडिस यांनी गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी सोनोग्राफीत मोजण्याचं महत्त्व दाखवलं. आजचं एनटी स्कॅन ते हेच. १९९७ मध्ये डेनिस लो यांना आईच्या रक्तातच गर्भाचा डीएनए सापडला आणि २०११ पासून त्यावरची एनआयपीटी ही तपासणी बाजारात आली.

इथेच गैरसमजाचं मूळ आहे. डबल मार्कर, एनटी आणि एनआयपीटी या चाळणी तपासण्या आहेत; त्या शक्यता सांगतात, निदान करत नाहीत. ‘१:१८०’ याचा अर्थ असा, की असाच अहवाल आलेल्या १८० गर्भवतींपैकी १७९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. एनआयपीटी फार अचूक आहे, तरी तिचा होकारही अंतिम नाही. पंचविशीतल्या एक लाख गर्भवती घेतल्या, तर सुमारे शंभर गर्भांना खरोखर डाउन सिंड्रोम असेल. आणि हजारात एकीला खोटा इशारा मिळतो असं धरलं, तर आणखी शंभर जणी विनाकारण घाबरतील. म्हणून पक्कं निदान हवं असेल तर गर्भजल तपासणी किंवा वारेच्या पेशींची तपासणी लागते. जन्मलेल्या बाळाचंही तसंच. तिरपे डोळे किंवा तळहातावरची एकच आडवी रेघ अनेक निरोगी बाळांतही दिसते; खात्री रक्तातून केलेल्या गुणसूत्रांच्या तपासणीने, म्हणजे कॅरिओटायपिंगनेच होते.

भारतात या तपासणीला एक काळी बाजू आहे. दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजल तपासणी मुली मारण्यासाठी वापरली गेली, आणि तिच्यावर कायद्याने बंधन घालणारं पहिलं राज्य १९८८ मध्ये महाराष्ट्र ठरलं. दुसरी अडचण गर्भपाताच्या मुदतीची होती. वीस आठवड्यांची मर्यादा ओलांडल्यावर निदान झालं, की दांपत्याला न्यायालयात जावं लागे. २०१७ मध्ये डाउन सिंड्रोमचं निदान झालेल्या २६ आठवड्यांच्या गर्भाबाबत सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंगाबाबतचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे आला.

एवढी साधनं हाताशी आली, तरी आईवडिलांच्या मनातला खरा प्रश्न कोणतीच तपासणी सोडवत नाही. त्यांना विचारायचं असतं: हे मूल बोलेल का, शिकेल का, आमच्यामागे याचं कोण? गुणसूत्रांच्या अहवालात याचं उत्तर नसतं. ते उपचारांत, शाळेत आणि समाजात असतं. अमेरिकेत १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते साठीपर्यंत पोहोचलं आहे. गुणसूत्रं तीच राहिली. बदलल्या त्या हृदयाच्या शस्त्रक्रिया, आणि मुलांना संस्थांत टाकून देण्याऐवजी घरात वाढवण्याची रीत. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिला २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात स्वतःचीच भूमिका करताना महाराष्ट्राने पाहिलं. प्रत्येक मूल पोहण्यात पदकं आणणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण ‘हे मूल कधीच काही करू शकणार नाही’ हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारण्याचे दिवस संपले आहेत.

गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय त्या आईचा. तो घेण्याआधी तिला चाळणी आणि निदान यांतला फरक समजावून सांगणारा समुपदेशक मिळायलाच हवा. आणि बाळ जन्मल्यावर शंका आली, तर घरच्यांनी कॅरिओटायपिंगच्या अहवालाची वाट पाहत थांबू नये. अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. म्हणून टू-डी इको आणि थायरॉइडची तपासणी लगेच करून घ्यावी, आणि निदान पक्कं झालं की जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाचं नाव नोंदवावं.