उद्याची चिंता आणि आजचे कर्तव्य

मनुष्य जे दुःख भोगतो त्याचे नीट परीक्षण केले, तर त्यातील पुष्कळसे दुःख अद्याप घडलेलेच नसते असे आढळून येते. मुलगा शिकत आहे, पण त्याला नोकरी मिळेल की नाही. कन्या लहान आहे, पण तिचा विवाह कसा होईल. देह धडधाकट आहे, पण म्हातारपणी कोण सांभाळील, अशा शंकांत गृहस्थाची रात्र सरते. सकाळी उठल्यावर, ज्या कामाने यांपैकी एखादा तरी प्रश्न सुटला असता, ते काम करण्याचे बळ त्याच्या अंगी उरत नाही. जे आले नाही ते भोगावे लागते आणि जे हाती आहे ते निसटते, अशी ही दुहेरी हानी आहे.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाची स्थिती हीच झाली होती. युद्धास अजून तोंड लागले नव्हते. परंतु त्याच्या मनाने कुलाचा क्षय, कुलधर्माचा लोप आणि पितरांची अधोगती येथपर्यंतचा सारा भविष्यकाळ पाहून टाकला. परिणाम काय झाला? शेवटी धनुष्य टाकून तो रथात बसला. चिंता ही बहुधा अशीच प्रेमाचे व धर्माचे वस्त्र पांघरून येते, म्हणून ती ओळखू येत नाही. भगवंतांचा उपदेश दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात ‘ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस’ या आशयाने सुरू होतो आणि अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकात शोक सोडण्याच्या आज्ञेने संपतो. उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता पाहून ग्रंथाचे तात्पर्य ठरवावे, अशी शास्त्राची रीत आहे. त्या रीतीने पाहता शोकनिवृत्ती हे गीतेचे प्रयोजनच ठरते.

येथे कोणी म्हणेल, “मग गृहस्थाने उद्याचा विचारच करू नये काय? धान्य साठवू नये, पैसा शिल्लक टाकू नये?” असे मुळीच नाही. हितोपदेशात तीन माशांची कथा आहे. कोळी येणार हे कळताच अनागतविधाता दुसऱ्या जलाशयात निघून गेला. प्रत्युत्पन्नमती जाळ्यात सापडला, पण मेल्याचे सोंग घेऊन वाचला. आणि ‘जे व्हायचे ते होईल’ म्हणून स्वस्थ राहिलेला यद्भविष्य मारला गेला. म्हणजे दूरदृष्टी शास्त्राला मान्य आहे, आळस मान्य नाही. परंतु त्या कथेत चिंता करणारा चौथा मासा नाही. तो असता, तर रात्रभर जाळ्याच्या विचाराने तळमळला असता. तळे मात्र त्याने सोडले नसते! योजना पावलाला चालविते, चिंता त्याला जखडून ठेवते, हाच दोहोंतील भेद.

गीतेतील एक शब्दसाम्य मननीय आहे. सोळाव्या अध्यायात आसुरी मनुष्याच्या मरेपर्यंत न संपणाऱ्या चिंतेचे वर्णन आहे. नवव्या अध्यायात, अनन्यभावाने चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम आपण वाहतो, असे भगवंतांचे आश्वासन आहे. ‘चिंता’ आणि ‘चिंतन’ यांचा धातू एकच असून ‘स्मरण करणे’ हा त्याचा अर्थ होय. जे मन रात्रंदिवस संकटाचे स्मरण करू शकते, त्यास ईश्वराचे स्मरण करण्याची शक्ती नाही असे कसे म्हणता येईल? शक्ती तीच आहे. तिचा विषय तेवढा पालटावयाचा आहे.

मात्र या आश्वासनाचा विपरीत अर्थ घेऊ नये. भक्तावर संकट येणारच नाही, असे भगवंतांनी कोठेही म्हटलेले नाही. प्रत्यक्ष गीता ऐकलेल्या अर्जुनाचा पुत्र अभिमन्यू त्याच युद्धात पडला. तो शोकाने विव्हळ झाला. तथापि दुसऱ्या दिवशी त्याने गांडीव टाकले नाही. आरंभी केवळ कल्पनेने खचलेला हाच वीर प्रत्यक्ष आघातानंतर उभा राहिला. दुःख टळणे नव्हे, तर दुःखातही कर्तव्य न सुटणे, हे शरणागतीचे फळ आहे.

म्हणून चिंता उद्भवताच मनास एकच प्रश्न विचारावा : या बाबतीत आज माझ्याकडून करण्याजोगे काही आहे काय? असल्यास ते तत्काळ करावे. घरात कोणी आजारी असेल तर वैद्यास दाखवावे, औषध वेळेवर द्यावे, पथ्य सांभाळावे. नसल्यास तो विषय नामस्मरणपूर्वक प्रभूच्या चरणी ठेवावा. मन पुन्हा तिकडे धावेल. पुन्हा परत आणावे. दोन दिवसांत हे साधणार नाही, अभ्यासानेच साधेल. घरातील लहान मुले वडिलांचे बोलणे विसरतात, पण त्यांच्या मुखावरील भीती विसरत नाहीत. म्हणून हा अभ्यास सर्व कुटुंबासाठी आहे.

युद्ध करणार नाही, असे अर्जुन प्रथम म्हणाला होता. तुझी आज्ञा पाळीन, असे तो शेवटी म्हणाला. दोन्ही वाक्ये भविष्यकाळातीलच आहेत. पहिल्यात भय होते, दुसऱ्यात समर्पण. उद्याविषयी मनुष्याने एवढेच बोलावे की, मी माझे कर्तव्य करीन. पुढचे सारे त्या सारथ्याच्या हाती आहे.