जोडीदार मागे राहतो तेव्हा

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाकडील डोंगराळ मुलखात २००४ सालापासून सायकलींची एक शर्यत होते. 'केप एपिक' हे तिचे नाव. आठ दिवस, साडेसहाशे ते सातशे किलोमीटर वाट, आणि सगळे चढ एकावर एक रचले तर पंधरा हजार मीटरच्या आसपास उंची भरावी. वाट कसली, दगड, वाळू, झुडपे आणि ओढे! परंतु या लेखाचे कारण ती वाट नव्हे. तिथला एक नियम आहे. मुख्य शर्यतीत एकट्याने उतरता येत नाही. दोघांची जोडी लागते. दिवसाची वेळ धरतात ती जोडीतला दुसरा गडी रेषा ओलांडेल तेव्हाची. वाटेतही दोघांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये. पडले आणि नाक्यावर सापडले, तर वेळेचा दंड बसतो.

माणसांनी एकमेकांवर प्रेम करावे असा कायदा करता येत नाही; दोन मिनिटांच्या आत राहावे, एवढा मात्र करता येतो. या कायद्यातून जे प्रश्न उभे राहतात ते सायकलीपुरते राहत नाहीत, म्हणून ते या दिवाळीत वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

डोंगरावर जोडी म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवे. सपाट डांबरी रस्त्यावर एकाच्या मागे चाक लावून दुसरा गेला तर वाऱ्याचा मार पुढचा सोसतो आणि मागच्याचे श्रम चांगलेच वाचतात. त्यामुळे तिथे बलवानाला आपले बळ दुसऱ्याला उसने देता येते. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींतले संघ याच हिशेबावर चालतात. सात-आठजण राबतात आणि त्यांचा एक नायक जिंकतो. डोंगराच्या चढावर हा हिशेब मोडतो. तिथे वेग इतका कमी की वाऱ्याला फारशी किंमत उरत नाही. आपापल्या देहाचे आणि सायकलीचे वजन ज्याचे त्यानेच वर न्यायचे. जोडीदाराची पाण्याची बाटली घ्यावी, हत्यारे आपल्या पाठीवर घ्यावीत, फार तर एका हाताने हँडल धरून दुसरा हात त्याच्या पाठीला लावावा. बाकी मदत म्हणजे वाट पाहणे. हे काम सोपे दिसते, पण स्वतःचे पाय अजून ताजे असताना वाट पाहून पाहावी!

या खेळाचा मूळ स्वभाव एकट्याचा आहे, हेही खरे. १९९० साली अमेरिकेतील डुरँगो येथे त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला. तिथली पदके एकेकट्याचीच. सुरुवातीच्या काळात तर सायकल मोडली तर स्वाराने आपली आपण दुरुस्त करावी, बाहेरून हात लागू नये, असा दंडक होता. आपल्या पायांवर आणि आपल्या पान्यावर भरवसा असलेल्या लोकांचा हा खेळ. अशांना जोडीत बांधले की काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

१९९९ सालापासून जागतिक स्पर्धेत देशांच्या संघांची एक साखळी शर्यतही होते. अनुभवी पुरुष, तरुण, कनिष्ठ गटातला मुलगा, स्त्री, असे वेगवेगळ्या बळाचे चारजण एकामागून एक फेरी मारत. पुढे संख्या वाढत सहापर्यंत गेली आणि त्यात निम्म्या स्त्रिया आल्या. गंमत अशी की, कोणाला कितव्या फेरीला पाठवायचे हे ज्या त्या संघाने ठरवायचे. त्यामुळे एखादी मुलगी आघाडीवर असताना फेरीला निघते आणि मागून येणारे अनुभवी पुरुष तिला एकामागून एक ओलांडून जातात. बघणाऱ्याला ती हरताना दिसते. पण तिने आपल्या वाट्याची फेरी अपेक्षेपेक्षा वीस सेकंद लवकर पुरी केली असेल, तर संघाच्या वहीत तिची कामगिरी सर्वांत मोठी. आपल्याकडे घराघरांत अशा वह्या असतात. त्या उघडून मात्र कोणी बघत नाही.

आता मूळ प्रश्न. पुढचा थांबतो तेव्हा तो त्याग करतो का? वर्तमानपत्रे तसे लिहितात. मला ते पटत नाही. त्याग म्हणजे जे आपले आहे ते देणे. ज्याने जोडीत नाव घातले त्याचा स्वतःचा वेग त्या आठ दिवसांपुरता त्याचा राहिलेलाच नाही. शर्यतीत उतरलेला आहे तो जोडीचा वेग. म्हणून थांबणाऱ्याने उपकाराचा चेहरा करू नये. चढाच्या माथ्यावर एक पाय टेकून, घड्याळाकडे बघत, मागचा जवळ येताच पुन्हा पायडल मारून निघणारा गडी नियमाप्रमाणे थांबलेला असतो. पण स्वतःला विसावा मिळालेला, दुसऱ्याला नाही!

सायकलवाल्यांत एक खोड प्रसिद्ध आहे. दोघे शेजारी शेजारी चालले असता एकजण आपले पुढचे चाक सतत अर्धे पुढे ठेवतो. दुसरा जोर करून बरोबरीला येतो, की हा पुन्हा अर्धे चाक पुढे. भांडण नाही, शब्द नाही, नियमभंग तर नाहीच. पण तासाभरात दुसऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पुष्कळ संसार आणि पुष्कळ संस्था या अर्ध्या चाकाने मोडल्या आहेत.

आमच्या सीमाभागात जिवाभावाच्या दोघांना कानडीत 'जोडेत्तु' म्हणतात, म्हणजे एका जुवाचे दोन बैल. ज्यांच्या घरी औत होते त्यांना ठाऊक असेल, दोन बैल कधीही नेमके सारखे नसतात. जाणता शेतकरी मग जुवाला ओढीचा दोर जिथे बांधतात ती जागा ताकदवान बैलाच्या बाजूला बोटभर सरकवतो. तरफेच्या नियमाने दुबळ्याच्या मानेवरचा भार हलका होतो, ताकदवानाच्या वाट्याला थोडा जास्त येतो, आणि दोघे बरोबरीने तास काढतात. यात दया-माया आहे की नाही, कोण जाणे. नांगर सरळ चालावा हा हेतू आहे. समान भार म्हणजेच न्याय, असे ज्यांना वाटते त्यांनी ते जू पाहावे.

परंतु बैल बोलत नाही आणि माणूस बोलतो, इथे दृष्टान्त संपतो. बलवानाच्या कर्तव्याबद्दल आपण फार बोलतो, दुबळ्याच्या कर्तव्याबद्दल संकोचाने गप्प राहतो. डोंगरावर दमलेल्याचेही एक कर्तव्य असते, ते म्हणजे वेळेवर सांगणे. लांबच्या शर्यतीत शरीरातली साखर संपत आली की आधी किंचित अंधारी येते, हात थरथरतात. तेव्हाच बोलला, दोन घास खाल्ले, वेग उतरवला, तर दहा मिनिटांत निभावते. पण 'माझ्यामुळे उशीर नको' म्हणून तो दात आवळून रेटत राहतो आणि पुढच्या चढावर असा कोसळतो की तास जातो. हा वरवर नम्रपणा वाटतो. त्यात अहंकाराचा भागही मोठा असतो, कारण जोडीची शक्ती किती उरली हे जाणण्याचा दुसऱ्याचा हक्क तो हिरावून घेतो. आजार लपवणारे वडील, कर्ज लपवणारा भाऊ आपण पाहिलेले असतात. घराला पुढे जे भोगावे लागते ते बहुधा या लपवण्यामुळे. मूळचे दुखणे त्यामानाने लहान होते.

अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने नाव वल्हवणाऱ्या दोघांचे उदाहरण दिले होते. वचन कोणी कोणाला दिलेले नाही, तरी दोघांची वल्ही एका लयीत चालतात, कारण त्यावाचून नाव पुढे जात नाही. १७५५ मध्ये रूसोने दुसरे चित्र काढले. हरणाच्या शिकारीला सगळे मिळून टपून बसलेले असताना एकाच्या पायाजवळून ससा जातो. तो सशामागे धावतो, आणि बाकीच्यांचे हरीण जाते. डोंगरावर हा ससा रोज भेटतो. समोर शंभर पावलांवर प्रतिस्पर्धी दिसत असतो, आपले पाय तयार असतात, आणि जोडीदार मात्र दीड मिनिट मागे असतो. ह्यूमच्या नावेत दगा देणे शक्य नाही, दिला तर नाव गोल फिरते. सायकली मात्र दोन वेगळ्या असतात. म्हणून तिथे नियम लागतो.

आणि जोडीदार पडलाच तर? हाड मोडले, ताप भरला, दवाखान्यात नेले. उरलेल्याला पुढे जायला परवानगी आहे. पण क्रमवारीत त्याला जागा नाही आणि त्याच्यासाठी वेगळा अंगरखा असतो. या स्वारांना इंग्रजीत जो शब्द लावतात त्याचा सरळ अर्थ 'बहिष्कृत'. थट्टेने ठेवलेले नाव असेल, पण आपल्या कानांना ते टोचते. वाळीत टाकणे काय असते ते आपल्या समाजाने पाहिलेले आहे. याचा अपराध तरी कोणता? जोडीदार पडला, एवढाच. मग याने जावे की परतावे?

महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर इथे आठवतो. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. हा मागे वळून पाहत नाही. उलट भीम विचारतो तेव्हा प्रत्येकाचा दोष सांगत चालतो. लहानपणापासून मला ते दोष सांगणे खटकत आले आहे. पण तोच युधिष्ठिर पुढे इंद्राच्या रथाशी एका कुत्र्यासाठी अडून बसतो. भावांना सोडलेस, मग कुत्र्याचा हट्ट का, असे इंद्र विचारतो. त्यावर त्याचे उत्तर असे की, ते मेले होते, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. उत्तर कठोर आहे, पण त्यात रेषा नेमकी ओढलेली आहे. जोवर थांबून काही होण्यासारखे आहे तोवर थांबायचे. दवाखान्यात जोडीदाराची सोय लागली, त्याने स्वतः 'जा' म्हटले, आणि मग हा गेला, तर त्याला बहिष्कृत कोण म्हणणार? मात्र तो 'जा' म्हणाला म्हणून गेला की जायचेच होते म्हणून त्याच्याकडून 'जा' वदवून घेतले, हे त्या दोघांनाच ठाऊक.

स्वित्झर्लंडचा क्रिस्टोफ सौसर आणि दक्षिण आफ्रिकेचा तरुण बरी स्टँडर यांनी २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकली. स्टँडर हा ती जिंकणारा पहिला दक्षिण आफ्रिकी. ३ जानेवारी २०१३ रोजी आपल्याच प्रांतात सराव करीत असताना प्रवासी गाडीची धडक बसून तो गेला. वय पंचवीस. अडीच महिन्यांनी शर्यत होती. सौसर उतरला, जोडीला चेक देशाचा यारोस्लाव्ह कुल्हावी होता, आदल्या वर्षीच्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला. ते दोघे जिंकले. २०१५ साली हीच जोडी पुन्हा जिंकली.

दिवंगत मित्राला वाहिलेली आदरांजली, असे त्या २०१३ च्या विजयाकडे पुष्कळांनी पाहिले. असेलही. व्यवसाय म्हणून सायकल चालवणाऱ्याला घरी बसण्याची मोकळीक किती असते, हाही विचार मनात येतो. पण मला त्या आठ दिवसांत रस आहे तो कुल्हावीच्या बाजूने. जगज्जेता माणूस, स्वतःच्या नावाने कुठेही जिंकू शकणारा. आणि चढावर ज्याच्याशी वेग जुळवायचा, त्याच्या कानात अजून दुसऱ्याच चाकाचा आवाज असणार. थोडे थांबायचे, आणि थांबलो हे दिसू द्यायचे नाही. सातशे किलोमीटर.