अळीच्या पोटी पंख

सज्जनहो, अंगणातल्या कागदी लिंबाची पाने न्याहाळून पाहा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी तेथे सापडेल. खाणे हाच तिचा प्रपंच! चार वेळा कात टाकून ती हिरवीगार होते, रेशमाचा धागा कमरेला बांधून कोशात बसते. काही दिवसांनी कोश फुटतो, मऊ पंख पसरतात आणि काळ्यावर पिवळे ठिपके ल्यालेले फुलपाखरू उडून जाते.

आता वर्म ऐका. हे पंख कोणी बाहेरून आणून लावले काय? नाही. पंखांचे इवले कोंभ अळीच्याच अंगात असतात. ती पाने खात असते तेव्हाच ते आत वाढत असतात. कोशात अळीचे बरेचसे शरीर विरघळते; कोंभ मात्र उरतात, फुलतात.

आपण म्हणतो, ‘मुलीचे लग्न होऊ द्या, बांधाचा वाद मिटू द्या, मग भजन करू.’ बाबांनो, देह विरण्याची वेळ सांगून येत नाही. त्या वेळी पंख कोठून आणाल? औत सोडू नका, चूल विझवू नका; पण हात कामात असताना मुखी नाम असू द्या. तोच आपला कोंभ.

रामकृष्णहरि!